जुना सेट घेऊन गोल्फ शिकताना वाटणारा संकोच कसा घालवावा

खानदेशात गोल्फ शिकू पाहणाऱ्याला संकोच दोन्ही बाजूंनी घेरतो. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या गल्लीतून खांद्यावर लांब पिशवी अडकवून निघाले, की ओट्यावर बसलेले आबा-नाना ‘हॉकी खेळायला चाललास का रे भाऊ?’ असे विचारतात आणि गोल्फचे नाव ऐकल्यावर ‘हा साहेबांचा खेळ, याला कशाला हवा’ असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो. तीच पिशवी पुण्याच्या एखाद्या मैदानावर उघडली, की शेजारच्या कोऱ्या सेटपुढे आपल्या ओरखडे पडलेल्या, निरनिराळ्या कंपन्यांच्या स्टिक पाहून आपण गावाकडचे आहोत हे साऱ्यांना कळले, असे वाटू लागते. गावात खेळ परका आणि मैदानावर आपण परके, अशा या कोंडीमुळे काही जण दुसऱ्यांदा मैदानावर जातच नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण या संकोचाचा बराचसा भाग थोड्या माहितीने आणि थोड्या तयारीने खरोखर दूर होतो.

पहिले काम घरीच करायचे आहे. आपल्या सेटमध्ये खेळाला बाधा आणणारे दोष कोणते आणि केवळ डोळ्यांना खुपणारे कोणते, हे वेगळे करावे. बैलबाजारात जाणता शेतकरी शिंगांना लावलेला रंग पाहत नाही, तो दात पाहतो, खूर पाहतो आणि बैल चालवून बघतो. जुन्या स्टिकची पारखही तशीच करावी. डोक्यावरचे (चेंडूला लागणाऱ्या टोकावरचे) ओरखडे, उडालेला रंग, फाटलेले कव्हर किंवा सेटमधल्या स्टिक वेगवेगळ्या कंपन्यांच्या असणे यांनी चेंडूच्या उड्डाणात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. फरक पडतो तो ग्रिप (मुठीत धरायचे रबर), दांडा, लांबी आणि डोक्याची पकड यांनी. स्टिक हातात धरून डोके हलकेच पिळून पाहावे. ते किंचितही फिरत असेल किंवा आतून कटकट आवाज येत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ती स्टिक वापरू नये, कारण सुटलेले डोके शेजाऱ्याला लागू शकते. ग्रॅफाइटच्या दांड्यावरून नख फिरवून चीर आहे का ते तपासावे. पोलादी दांड्यावरचा वरवरचा गंज पुसला जातो, मात्र खड्डे पडलेला किंवा वाकलेला दांडा घेऊ नये. दांड्यावर लवचीकता सांगणारे अक्षर असते. ‘एल’ सर्वांत लवचीक, ‘आर’ मध्यम आणि ‘एस’ ताठ. नवख्या खेळाडूला फार ताठ दांडा त्रास देतो. पुरुषांच्या नेहमीच्या सेटमध्ये पाच नंबरचे आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याची स्टिक) साधारण 38 इंच लांब असते आणि स्त्रियांचा सेट त्याहून सुमारे एक इंच आखूड असतो, म्हणून दुसऱ्याचा सेट घेताना हे मोजून पाहिलेले बरे.

सर्वाधिक लक्ष ग्रिपकडे द्यावे, विशेषतः आपल्या भागात. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीची डिकी त्याहून कितीतरी अधिक तापते. अशा डिकीत पडून राहिलेल्या सेटचे रबर कडक होते, गुळगुळीत होते, आणि डोके दांड्याला धरून ठेवणारा डिंकही सैल पडू शकतो. कडक ग्रिप हातातून सटकते, म्हणून खेळाडू नकळत मूठ आवळतो, आणि आवळलेल्या मुठीने स्विंग (स्टिक फिरवून फटका मारण्याची हालचाल) बिघडतो. पुष्कळदा नवखा माणूस हा दोष स्वतःच्या अंगी लावून घेतो, वास्तविक तो रबराचा असतो. प्रथम कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने ग्रिप ब्रशने घासून, पुसून सावलीत वाळवावी. त्यानंतरही ती निसरडी राहिली तर बदलावी. जुनी ग्रिप कापून काढायची, दांड्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावायची, ती थिनरने ओली करून नवी ग्रिप सरकवायची आणि रात्रभर वाळू द्यायची, एवढेच हे काम आहे. ग्रॅफाइटच्या दांड्यावर पाते लागणार नाही याची मात्र काळजी घ्यावी. नव्या ग्रिपची जुनी स्टिक हातात घेतल्यावर तिच्याविषयीचे आपले मत बदलते, असा माझा अनुभव आहे.

संकोचाचे आणखी एक कारण असे आहे, की जे फारसे कोणी नवख्याला समजावून सांगत नाही. शेजारचा खेळाडू सात नंबरच्या आयर्नने जिथे चेंडू पोहोचवतो, तिथे आपला चेंडू त्याच नंबरने पोहोचत नाही आणि आपण दुबळे आहोत असे वाटते. परंतु नंबर सारखा असला तरी स्टिक सारखी नसते. 1980 च्या दशकातील सात नंबरच्या आयर्नचा कल (डोक्याचा चेहरा मागे झुकलेला असतो तो कोन) साधारण 35 ते 36 अंश असे. आजच्या अनेक सेटमध्ये त्याच नंबरचा कल 30 अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. कल कमी, म्हणजे चेंडू खालून आणि लांब जाणार. शिवाय नव्या स्टिकचे दांडेही बहुधा किंचित लांब असतात. त्यामुळे जुन्या सेटवाल्याने इतरांच्या नंबराशी स्वतःची तुलना करूच नये. सरावाच्या वेळी आपल्या प्रत्येक स्टिकने चेंडू सरासरी किती लांब जातो, ते एका वहीत लिहून ठेवावे आणि मैदानावर त्या वहीप्रमाणे स्टिक निवडावी.

सेट अपुरा असल्याची लाज तर मुळीच बाळगू नये. नियमांनी जास्तीत जास्त 14 स्टिकची मर्यादा घातली आहे, कमीत कमी किती हव्यात याचे बंधन नाही. एक हायब्रिड (लांब फटक्याची, मारायला सोपी स्टिक), सहा आणि आठ नंबरची आयर्न, एक पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्यांसाठी), एक सँड वेज (वाळूतून चेंडू काढण्यासाठी) आणि पटर (चेंडू भोकाकडे घरंगळवण्यासाठी) एवढ्या सामग्रीवर नवखा खेळाडू पहिले कित्येक महिने उत्तम शिकू शकतो. ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याची स्टिक) घरीच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या, लहान डोक्याच्या ड्रायव्हरने पहिल्या टीवर (खेळ सुरू करण्याच्या जागेवर) चेंडू झाडीत घालण्यापेक्षा सहा नंबरने तो सरळ पुढे सरकवणे केव्हाही चांगले. मित्राच्या पिशवीतून स्टिक मागून खेळू मात्र नये. अनेक मैदानांवर प्रत्येकाची स्वतंत्र पिशवी सक्तीची असते आणि अशा देवाणघेवाणीत वेळही जातो.

गावात सराव करताना सुरक्षिततेचा विचार आधी करावा. गव्हाची कापणी झाल्यावर शेत मोकळे दिसते, पण बांधावर माणसे आणि गुरे असतात, आणि खरा चेंडू नवख्याच्या हातूनही शंभर मीटरपलीकडे जाऊ शकतो. म्हणून अंगणात किंवा गच्चीवर फोमचे चेंडू वापरावेत अथवा क्रिकेटची जाळी दुहेरी बांधावी. उन्हाळ्यात तडे गेलेल्या काळ्या जमिनीवर आयर्न थेट आपटले तर मनगट दुखावते, त्यासाठी जाड मॅट अंथरावी. पटिंगचा सराव घरातल्या सतरंजीवर होतो. आणि ओट्यावरच्या आबांना टाळण्यापेक्षा त्यांच्या हातात स्टिक द्यावी, फोमचा एक चेंडू मारू द्यावा. एकदा चेंडू हुकला, की हा खेळ श्रीमंतीचा की कसबाचा हे त्यांना सांगावे लागत नाही, आणि पुढच्या वेळी ते आपण होऊन विचारतात की आज कसे झाले.

आता मैदानावरच्या वागणुकीविषयी. खानदेशातल्या बहुतेकांना नाशिकचे ‘गोल्फ क्लब’ ऐकून ठाऊक असते, पण त्या नावाने ओळखले जाणारे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान क्रिकेटचे आणि फेरफटक्याचे आहे. प्रत्यक्ष खेळण्यासाठी लांबचा प्रवास करावा लागतो, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून बाहेरच्यांना प्रवेश कोणत्या दिवशी आहे आणि पोशाखाचा नियम काय आहे हे विचारून घ्यावे. जुन्या स्टिकसाठी सहसा कोणी कोणाला परत पाठवत नाही; कॉलर नसलेला टी-शर्ट किंवा जीन्स घातली, तर अनेक ठिकाणी अडवले जाते. स्वच्छ कॉलरचा शर्ट, साधी पँट आणि मैदानाला चालतील असे बूट एवढ्याने हा प्रश्न मिटतो. शक्यतो आठवड्यातला कामाचा दिवस निवडावा, तेव्हा गर्दी कमी असते.

सोबतच्या खेळाडूंना सुरुवातीलाच एकदा सांगावे, ‘मी नवीन आहे, मागे राहिलो तर चेंडू उचलून पुढे येईन.’ सेटविषयी क्षमा मागू नये, कारण ज्याकडे कोणाचे लक्ष नव्हते तिकडे आपणच बोट दाखवतो. सोबतचे लोक अस्वस्थ होतात ते वेळ गेल्यामुळे. 2019 पासून चेंडू शोधण्याची मुदत पाचऐवजी तीन मिनिटे झाली आहे आणि अडथळा नसेल तर 40 सेकंदांत फटका मारावा, अशी शिफारस आहे. मैत्रीच्या खेळात, पारच्या (त्या भोकासाठी ठरवलेल्या फटक्यांच्या) दुप्पट फटके झाले की चेंडू उचलावा. यात कमीपणा नाही. ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चेंडूने पाडलेला खड्डा काट्याने दुरुस्त करावा, बंकरमधील (वाळूच्या खड्ड्यातील) वाळू सारखी करून बाहेर यावे, दुसरा मारत असताना स्थिर आणि शांत उभे राहावे. हे सारे ज्याला येते, त्याच्याबरोबर पुन्हा खेळायला लोक तयार असतात, पिशवी कशीही असो.

कॅडीशी (पिशवी वाहून मदत करणाऱ्याशी) आदराने, ‘दादा’ म्हणून बोलावे आणि नि:संकोच विचारावे. त्याने शेकडो स्विंग पाहिलेले असतात. आपल्या देशातील गोल्फचा मोठा वारसा याच माणसांनी घडवला आहे. 1991 साली इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हे पूर्वी कॅडी होते, आणि हीच स्पर्धा 2016 आणि 2017 मध्ये लागोपाठ जिंकणारे एस. एस. पी. चौरसिया हे कोलकात्याच्या मैदानावरील माळ्याचे पुत्र. मैदानावर कोणी आपल्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलेच, तर ही नावे आठवावीत.

पुढे पैसे जमतील तसे ते कोणत्या क्रमाने खर्च करावेत, हेही ठरवून ठेवावे. आधी ग्रिप आणि डाव्या हाताचा हातमोजा (डावखुऱ्याने उजव्या हाताचा), मग बूट, मग प्रशिक्षकाचे काही तास आणि त्यानंतर चांगली वेज. चेंडू जुनेच घ्यावेत, मात्र वरून नवा रंग दिलेले घेऊ नयेत, कारण रंगाखाली चीर लपलेली असू शकते. ड्रायव्हर सर्वांत शेवटी घ्यावा. तो टायटॅनियमचा म्हणून कोणी विकत असेल, तर खिशातले चुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटले, तर तो धातू टायटॅनियम नाही आणि त्या किमतीला तो घेऊ नये.