रोबोटला धक्का कळतो कसा? या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

या कामात नव्याने येणारी मुलं बहुधा विचारतात, आधी कुठला अल्गोरिदम शिकू? मी सांगतो, आधी घर्षण शिका.

बऱ्याच औद्योगिक रोबोटना स्पर्श कळण्यासाठी वेगळा सेन्सर नसतो. वजन, वेग, त्वरण आणि घर्षण धरून प्रत्येक जॉइंटला या क्षणी किती टॉर्क (फिरवणारं बल) लागावा, याचा कंट्रोलर हिशेब मांडतो आणि तो मोटरच्या करंटशी ताडून बघतो. तफावत ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की टक्कर झाली असं समजून थांबतो. या हिशेबात सगळ्यात दगा देतं ते घर्षण. गिअरबॉक्समधलं ग्रीस थंड असलं की पहिल्या काही फेऱ्यांत रोबोट कशालाही न लागता थांबतो. तापला की तोच प्रोग्राम बिनतक्रार चालतो.

अशा वेळी लगेच संवेदनशीलता कमी करू नका. आधी टीच पेंडंटवर (रोबोटला शिकवायच्या हातातल्या रिमोटवर) पेलोड, म्हणजे रोबोटच्या टोकावरच्या भाराची माहिती, तपासा. ग्रिपरचं (वस्तू पकडणाऱ्या पंजाचं) वजन बरोबर भरलेलं असतं, पण गुरुत्वमध्य शून्यावरच राहिलेला असतो, हे मी फार वेळा पाहिलंय. मनगट आडवं झालं की नेमका तिथेच अलार्म येत असेल, तर संशय इथेच घ्या.

मुद्दाम स्पर्श करायचा असेल, म्हणजे घासकाम किंवा भोकात पिन बसवणं, तर गोष्ट वेगळी. तिथे नुसतं पोझिशन कंट्रोल, म्हणजे काहीही झालं तरी ठरलेल्या जागीच पोचायचा हट्ट, महागात पडतं. जोडणीचा ताठरपणा मिलिमीटरला 200 न्यूटन धरला, तर अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीला 100 न्यूटनचा दाब येतो! म्हणून नेव्हिल होगन यांनी 1985 साली मांडलेलं इम्पीडन्स कंट्रोल नीट समजून घ्या: त्यात रोबोटला स्प्रिंग आणि डॅम्परसारखं (हालचाल मंदावणाऱ्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरसारखं) वागायला लावतात. मनगटावरचा सहा अक्षांचा फोर्स-टॉर्क सेन्सर इथे फार कामाचा, पण त्याला त्याच्या पुढचंच कळतं. कोपर खांबाला धडकलं तर त्याला पत्ता नसतो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. साध्या रोबोटमधलं टक्कर ओळखणं यंत्र वाचवण्यासाठी असतं, माणूस वाचवण्यासाठी नाही. त्याच्या भरवशावर कुंपण काढू नका. माणसाशेजारी चालणाऱ्या कोबॉटसाठी शरीराच्या कुठल्या भागावर किती बल चालेल, याच्या मर्यादा 2016 च्या आयएसओ/टीएस 15066 या आंतरराष्ट्रीय तांत्रिक दस्तऐवजात दिल्या आहेत, त्या वाचाच.

सरावासाठी दोन जॉइंटच्या हाताचं सिम्युलेशन लिहा, त्यात घर्षण घाला, पण अंदाजाच्या हिशेबातून ते मुद्दाम वगळा आणि अंदाजाचा आणि सिम्युलेशनमधला अशा दोन्ही टॉर्कमधली तफावत आलेखावर काढा. वेगाची दिशा उलटते तिथे ती एकदम उडी मारेल. टक्कर कुठेच झालेली नसेल.