‘अबेट’ या क्रियापदाने शिकवलेला अनुवाद

फोर्टमधील एका वकिलांच्या कचेरीत मी अनुवादाचे काम शिकू लागलो, तेव्हा सुरुवातीलाच हाती आलेल्या एका इंग्रजी आदेशात वादीच्या मृत्यूनंतर दावा ‘अबेट’ (abate) झाल्याचे म्हटले होते. शब्दकोशात ‘कमी होणे’ हा अर्थ आधी दिसला, म्हणून मी ‘दावा कमी झाला’ असे लिहिले. ज्येष्ठ अनुवादक मॅडमनी ते वाक्य खोडून विचारले, “अहो, दावा कमी झाला म्हणजे काय, त्याची रक्कम उतरली का?”

त्यांनी समजावलेला अर्थ असा: पक्षकाराच्या मृत्यूनंतर दाव्याचा हक्क शिल्लक राहत असला, तरी त्याच्या वारसांना अभिलेखावर, म्हणजे न्यायालयाच्या नोंदीत त्याच्या जागी, आणण्याचा अर्ज ९० दिवसांत झाला नाही, तर त्याच्यापुरता दावा आपोआप संपुष्टात येतो, कायद्याच्या मराठीत तो ‘उपशमित’ होतो. हे उपशमन रद्द करून घेण्यासाठी पुढे ६० दिवसांची मुदत असते.

या शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘पाडणे, खाली आणणे’ अशा अर्थाच्या क्रियापदात आहे. माझ्या मते नवोदितांनी हे मूळ ध्यानात ठेवावे, कारण रोजच्या इंग्रजीत ‘अबेट’ होते ते मुख्यतः ज्याला जोर असतो ते. वादळ शमते, वेदना ओसरते, राग निवळतो, आणि या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत हे एकच क्रियापद चालते. पगार किंवा लोकसंख्या घटली, तर मात्र ‘डिक्रीज’ म्हणावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तशा पावसाचा जोर ओसरणे म्हणजे ‘अबेट’, तर रस्त्यांवर साचलेले पाणी ओसरण्यासाठी ‘सबसाइड’ अधिक नेमके. मराठीत दोन्हीकडे ‘ओसरणे’ शोभते, म्हणूनच इंग्रजीत लिहिताना अधिक सावध राहावे लागते. ‘अनअबेटेड’ हे रूप ‘त्याच जोराने’ असे मराठीत आणले, की वाक्य सहज वाटते.

सर्वांत मोठा धोका मात्र उच्चाराचा आहे. गुन्ह्याला चिथावणी किंवा साहाय्य देणे, म्हणजे अपप्रेरणा, यासाठीचे इंग्रजी क्रियापदही (abet) देवनागरीत ‘अबेट’ असेच लिहिले जाते. त्यातला ‘बे’ ऱ्हस्व असतो, आपल्या शब्दातला दीर्घ. अपप्रेरणेची व्याख्या भारतीय दंड संहितेच्या कलम १०७ मध्ये होती, ती १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ मध्ये आली. त्यामुळे कोणी तोंडी मजकूर सांगत असेल, तर हा शब्द मी कधीही देवनागरीत टिपत नाही; तो इंग्रजी अक्षरांतच उतरवतो आणि शंका वाटल्यास सांगणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवून स्पेलिंग विचारतो.