प्रोजेक्ट जीपसाठी ट्रान्सफर केस कशी निवडावी: आधी गाडीखाली आडवे व्हा, मग बाजारात जा

जुनी जीप बांधायला घेतली की इंजिनावर महिनोन्‌महिने चर्चा होते, टायरवर होते, आणि ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे पाठवणारी पेटी, मात्र ‘मिळेल ती बसवू’ म्हणून शेवटी उरते. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मीही तेच केलं. केस चांगली मिळाली, दाते शाबूत होते. पण तिचं पुढचं आउटपुट, म्हणजे पुढच्या चाकांकडे ताकद जाते ते टोक, निघालं डावीकडे, आणि माझ्या पुढच्या ऍक्सलचा डिफरन्शियल, म्हणजे चाकांना फिरवणारा गिअरचा गोळा, उजवीकडे. मधे इंजिनाचं चेंबर, म्हणजे खालची तेलाची टाकी. केसपासून ऍक्सलपर्यंतचा फिरता दांडा, म्हणजे पुढचा प्रोपेलर शाफ्ट, जाणार कुठून? चार महिने चेसिस विटांवर उभी होती. ते महिने तुमचे वाया जाऊ नयेत, म्हणून हा सगळा क्रम नीट लिहून काढतोय.

आधी कागद

गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर पान्याआधी आरसी हातात घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्यामुळे माझा आग्रह असतो की मूळचीच फोर बाय फोर असलेली गाडी शोधा, आणि बदल कुठलाही असो, आरटीओत आधी लेखी विचारा. फक्त ऑफ-रोडसाठी गाडी बांधत असाल तर ती ट्रेलरवरूनच मैदानापर्यंत न्यायची, हे बजेटमध्ये धरून ठेवा.

गाडीखाली झोपून तीन गोष्टी टिपा

पहिली, पुढच्या ऍक्सलचा फुगीर भाग, म्हणजे डिफरन्शियल, कोणत्या बाजूला आहे. उजवी-डावी ही ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवायची; गाडीसमोर उभं राहून ठरवलं की उलटं होतं, आणि फोनवर दुकानदाराशी बोलताना हा घोळ हमखास होतो. ट्रान्सफर केसचं पुढचं आउटपुट त्याच बाजूला हवं.

दुसरी, मागचा डिफरन्शियल मधोमध आहे की बाजूला सरकलेला. विलीज जीपच्या ‘स्पायसर १८’ केसमध्ये पुढचं आणि मागचं, दोन्ही आउटपुट एकाच सरळ रेषेत, गाडीच्या मध्यरेषेपासून बाजूला असतात. म्हणून त्या जीपचा मागचा डिफरन्शियलही बाजूला असतो. मागे मधोमध डिफरन्शियल असलेला ऍक्सल घातलात आणि केस जुनीच ठेवलीत, तर मागचा शाफ्ट तिरका धावणार.

तिसरी, गिअरबॉक्सच्या शेपटापासून मागच्या पिनियनच्या (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या गिअरच्या) फ्लँजपर्यंत, म्हणजे शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीपर्यंत, किती जागा आहे. सीजे-३बी जीपचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. त्यात लांब पाच-गिअरचा बॉक्स घालून मागे केस लावली की मागच्या शाफ्टला वीतभर जागा उरते. शाफ्ट जितका आखूड, तितका स्प्रिंग खाली लोंबकळल्यावर त्याचा कोन तीव्र, आणि तितके क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांचे सांधे, लवकर जातात. हे माप गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना घ्या. जॅकवर घेतलेलं माप फसवतं.

जोडलेली की सुटी?

जीपमध्ये, थारमध्ये, स्कॉर्पिओमध्ये केस गिअरबॉक्सच्या पाठीला थेट बोल्टने बसते. इथे गिअरबॉक्सच्या शाफ्टचे स्प्लाइन (त्यावरच्या खाचा) आणि केसचं तोंड जुळायलाच हवं. न जुळल्यास अडॅप्टर प्लेट लेथवर करून घ्यावी लागते. ते काम चांगल्या टर्नरकडेच द्या. केंद्र थोडं जरी हललं तरी बेअरिंग ओरडायला लागतं. खरं तर गिअरबॉक्स आणि केसची जोडी एकाच गाडीतून उचलता आली तर निम्मं काम तिथेच होतं.

मारुती जिप्सीची केस वेगळी, सुटी. गिअरबॉक्सपासून ती एका छोट्या शाफ्टने जोडलेली असते, त्यामुळे कोणत्याही गिअरबॉक्समागे चेसिसवर ब्रॅकेट करून बसवता येते. हीच तिची मोठी सोय, आणि म्हणूनच ती सगळ्यांना हवी असते. पण तिच्यात एक गोष्ट दडलेली आहे, ती आकड्यांत पाहू.

गणित करा, कागदावर

केसमध्ये साधारण दोन रेंज असतात: रस्त्यासाठी हाय, चिखल-दगडांसाठी लो. बहुतेक केसमध्ये हाय रेंज १:१ असते, म्हणजे आत जातात तितकेच फेरे बाहेर येतात. जिप्सी किंगच्या केसमध्ये हाय १.४०९ आणि लो २.२६८ आहे. म्हणजे साध्या रस्त्यावर, हायमध्येसुद्धा, ती इंजिनाचे फेरे कमी करूनच पुढे देते. जिप्सीचे ऍक्सल तिच्याशी जुळवलेले आहेत. आता तीच केस ४.८८ च्या ऍक्सलवर (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.८८ फेरे) बसवली तर एकूण गुणोत्तर ४.८८ × १.४०९, म्हणजे ६.८८. टायर २८ इंची धरा, चौथा गिअर १:१. इंजिन ३,००० आरपीएमवर असताना गाडी ताशी ५८ किलोमीटरच्या आसपास जाईल. १:१ ची केस असती तर तोच वेग ८२ झाला असता. डिझेल इंजिनला ३,००० वर ओरडवत ५८ ने पुणे-मुंबई जायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. टायर बरेच मोठे घालणार असाल तर मात्र हाच १.४०९ तुमच्या कामी येतो.

लोचं गणित असं: पहिला गिअर × लो × ऍक्सल. पहिला गिअर ४, लो २.४८, ऍक्सल ४.३ असेल तर ४२.६६. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिन जवळजवळ ४३ वेळा फिरतं. मावळातल्या चिखलात किंवा सह्याद्रीच्या दगडी वाटेवर डिझेलला एवढं पुरतं, असा माझा अनुभव आहे. पेट्रोलला थोडं जास्त लागतं.

आणि टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर. केसवर इंजिनाचा टॉर्क पहिल्या गिअरने गुणून येतो. जिप्सी किंगचं १.३ लिटरचं इंजिन शंभरएक न्यूटन-मीटरचं. पहिल्या गिअरला केसवर साधारण ३७५ पडतात. जुन्या थारच्या सीआरडीई डिझेल इंजिनाचा टॉर्क २४७. पहिला गिअर ४ धरला तर हजाराच्या जवळ. अडीच पट ओझं आहे हे. ‘चालतं हो, सगळे बसवतात’ असं कुणी सांगितलं तरी हा गुणाकार त्याच्यासमोर ठेवा.

थारची मॅन्युअल (हाताच्या लिव्हरची) केस, लो २.४८, मला स्वतःला डिझेल प्रोजेक्टसाठी सगळ्यात पटते. अशा केस बनवणारी एक कंपनी आपल्या पुण्याजवळच्या भोसरीत आहे, दिवगी टॉर्कट्रान्सफर. त्यामुळे आपल्या भागात ही केस उघडून बसवलेले मिस्त्री भेटतात, आणि याचं मोल सुट्या भागांइतकंच आहे. बटणावर चालणारी इलेक्ट्रिक शिफ्टची केस स्वस्त दिसली तरी तिचा कंट्रोलर, सेन्सर आणि अख्खं वायरिंग सोबत मिळत नसेल तर सोडून द्या.

बाजारात: खडू आणि लोहचुंबक

कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा कुठेही जाल तेव्हा खिशात खडू, लोहचुंबक आणि टेप असू द्या. केस जमिनीवर ठेवा. इनपुट आणि मागच्या आउटपुटच्या फ्लँजवर खडूची एकेक रेघ मारा, लिव्हर हायमध्ये टाका आणि इनपुट हाताने दहा वेळा फिरवा. १:१ ची केस असेल तर आउटपुटही दहाच वेळा फिरेल. जिप्सीचं सात वेळा. आता लो. २.४८ ची असेल तर चार फेरे, जिप्सीचे साडेचारच्या जरा आत. आकडा भलताच आला तर आतले गिअर बदललेले आहेत किंवा केसच दुसरी आहे. फोर-व्हीलमध्ये टाकून पुढचं आउटपुटही फिरतंय का, आणि त्याच दिशेने फिरतंय का, हेही याच वेळी बघून घ्या.

फिरवताना हाताला काय जाणवतं तेही महत्त्वाचं. एका जागी अडखळलं तर दाता तुटलेला असू शकतो. फ्लँज धरून वर-खाली हलवा. खुळखुळली तर बेअरिंग गेलंय. साखळीच्या केसमध्ये, म्हणजे जिथे पुढच्या आउटपुटला ताकद साखळीने जाते तिथे, लिव्हर फोर-व्हीलमध्येच ठेवून इनपुट घट्ट धरा आणि पुढचं आउटपुट पुढे-मागे करा, फार मोकळं फिरलं तर साखळी ताणलेली आहे. मग ड्रेन प्लग काढून तेल बोटावर घ्या, चुंबक फिरवा. बारीक करडी पेस्ट चालते. चमकणारे तुकडे दिसले तर उठा, दुसरीकडे बघा.

सौदा ठरला की लिव्हर, फ्लँज, रबरी माउंटिंग, स्पीडोमीटरचा पिनियन आणि शक्य तर दोन्ही शाफ्ट सोबतच मागून घ्या. नंतर एकेका फ्लँजसाठी चार फेऱ्या होतात. आणि बिल घ्या, कोणत्या गाडीतून निघाली त्याच्या उल्लेखासकट. चोरीच्या गाडीचा भाग आपल्या चेसिसला लागू नये.

बसवल्यावर

पक्कं वेल्डिंग करण्याआधी केस नुसती टाचून अडकवा, दोन्ही शाफ्ट लावा आणि गाडी जमिनीवर उतरवा. मोबाइलच्या कोनमापकाने आउटपुटच्या फ्लँजचा आणि पिनियनच्या फ्लँजचा कोन बघा. साध्या, दोन क्रॉसच्या शाफ्टमध्ये हे दोन्ही फ्लँज एकमेकांना समांतर हवेत, नाहीतर वेग वाढला की सीटखाली थरथर येते. पुढचा शाफ्ट चेंबरपासून आणि सायलेन्सरच्या पाइपापासून किती अंतरावर आहे तेही इथेच बघा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून.

तेल केसप्रमाणे: दात्यांच्या जुन्या केसला गिअर ऑइल, साखळीच्या बहुतेक केसना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. मग चारही चाकं भक्कम स्टँडवर उचला, लो रेंज, पहिला गिअर, आणि क्लच हळूच सोडा. एक माणूस आत, एक बाहेर, गाडीखाली कुणीही नाही. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर तेल काढून पुन्हा चुंबक फिरवा.