पोस्टग्रेस तपासणारी टूल्स एजंटला देताना त्यांच्या वर्णनात काय लिहावं

पोस्टग्रेससारखा डेटाबेस तपासणाऱ्या टूलचं वर्णन माणसासाठी लिहायचं तर दोन ओळी पुरतात. पीजी_क्लासमधला (पोस्टग्रेस टेबलांची माहिती ठेवतो ते अंतर्गत टेबल) रेलटपल्स हा ओळींचा आकडा अंदाजी असतो हे डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, ठाऊक असतं, शंका आली की तो काउंट चालवून ओळी मोजून बघतो. एआय एजंट, म्हणजे स्वतः टूल्स वापरून काम करणारं मॉडेल, मात्र हाती आलेला आकडा खरा धरून पुढच्या पायरीला लागतो. म्हणून टूल काय करतं याला एक ओळ द्या, आणि त्याच्या उत्तरावरून काय ठरवायचं नाही याला चार.

आधी टूल्स वेगळी करा. ‘कोणतीही एसक्यूएल चालवा’ असं एकच टूल देऊन त्याखाली पानभर सूचना लिहिण्यात अर्थ नाही. एमसीपीमध्ये (मॉडेलला टूल्स जोडण्याची प्रमाणित पद्धत) प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमा (इनपुट कसं द्यायचं याचा आराखडा) असतो, आणि मॉडेल टूल निवडतं ते याच मजकुरावरून. टीमच्या विकीवर लिहिलेला इशारा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. एका टूलचं वर्णन साधारण असं असावं:

नाव: टेबल_ओळींचा_अंदाज
काय देतं: टेबलात अंदाजे किती ओळी आहेत. आकडा शेवटच्या व्हॅक्यूम (जुन्या ओळींची सफाई) किंवा अ‍ॅनालाइझच्या (आकडेवारी गोळा करणं) वेळचा असू शकतो.
इनपुट: स्कीमा, म्हणजे टेबलांचा गट (न दिल्यास पब्लिक) आणि टेबलाचं नाव, कॅटलॉगमध्ये (पोस्टग्रेसच्या अंतर्गत नोंदींत) आहे तसंच.
उणे १ आलं तर: व्हॅक्यूम किंवा अ‍ॅनालाइझ अजून झालेलं नाही, संख्या अज्ञात. टेबल रिकामं समजू नये.
यासाठी वापरू नये: हिशोब जुळवणं, टेबल रिकामं आहे का हे ठरवणं. त्यासाठी ‘एक_तरी_ओळ_आहे_का’ वापरा.

उणे १ ची सोय पोस्टग्रेसच्या आवृत्ती १४ पासूनची आहे. त्याआधी अशा टेबलाला ० यायचा, त्यामुळे जुना सर्व्हर असेल तर ती ओळ बदला.

सर्वाधिक घोळ इंडेक्सच्या (शोध जलद करणारी सूची) टूलमध्ये होतो. आयडीएक्स_स्कॅन (इंडेक्स किती वेळा वापरला याची मोजणी) ० दिसला की ‘हा इंडेक्स कुणी वापरत नाही, काढून टाका’ हा निष्कर्ष तयारच असतो. पण ही मोजणी आकडेवारी शेवटची रीसेट झाल्यापासूनची असते आणि फक्त त्याच सर्व्हरवरची असते. वाचनाचा भार रेप्लिकावर (मुख्य सर्व्हरची प्रत) असेल तर प्रायमरीवर (मुख्य सर्व्हर) शून्यच दिसणार. शिवाय युनिक इंडेक्स एकदाही स्कॅन न होता डुप्लिकेट नोंदी अडवत असतो. तेव्हा उत्तरात नुसता आकडा पाठवू नका. सोबत रीसेटची तारीख, सर्व्हर प्रायमरी की रेप्लिका, आणि इंडेक्स युनिक आहे का, हेही द्या.

एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल याचा प्लॅन दाखवणारं) आणि एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ ही दोन टूल्स ठेवा. दुसरं क्वेरी खरोखर चालवतं, डिलीट दिला तर ओळी जातात. वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात हे हवं.

पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीबद्दल (कोणत्या सेशनमध्ये काय चाललंय ते दाखवणारी यादी) दोन गोष्टी लिहा. सेशन आयडल असेल, म्हणजे काही चालवत नसेल, तर क्वेरीच्या रकान्यात दिसते ती शेवटची क्वेरी, चालू नव्हे. आणि मजकूर मूळ सेटिंगनुसार १०२४ बाइटला तुटतो. क्वेरीत मराठी मजकूर असेल तर आणखी लवकर, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. तुटलेली क्वेरी एजंट स्वतःच्या मनाने पूर्ण करून प्लॅन मागतो, तेव्हा ‘मजकूर_अपुरा’ असा वेगळा रकाना द्या. ओळींची मर्यादा घालतानाही तेच: ५० ओळींवर यादी थांबली असेल तर ‘आणखी_आहेत’ हे उत्तरातच सांगा.

वर्णनातल्या ‘फक्त वाचन’ या शब्दांवर सुरक्षा सोपवू नका. एमसीपीतली रीड-ओन्ली खूण ही नुसती सूचना असते. डिफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्ली (सेशनला फक्त वाचू देणारी सेटिंग) लावलं तरी तेच सेशन सेट ही कमांड देऊन ते बंद करू शकतं. लिहिण्याचा अधिकार नसलेला वेगळा रोल (डेटाबेसमधलं खातं) बनवा, स्टेटमेंट_टाइमआउट, म्हणजे क्वेरीची कालमर्यादा, ५ सेकंद ठेवा (मूळ मूल्य ० असतं, म्हणजे मर्यादाच नाही). पीजी_मॉनिटर हा देखरेखीचा तयार रोल देण्याआधी विचार करा: त्यातून इतरांच्या क्वेऱ्या दिसतात, आणि क्वेऱ्यांत ग्राहकांचे फोन नंबरही असू शकतात.

एररही वर्णनात याव्यात. टाइमआउटला ५७०१४ हा एरर कोड येतो. ‘तीच क्वेरी पुन्हा चालवू नये, आणखी अट घालून शोध कमी करावा’ असं लिहिलं नाही तर एजंट ती तशीच पुन्हा पाठवत राहतो. ४२पी०१ म्हणजे टेबल सापडलं नाही. बरेचदा नावात कॅपिटल अक्षरं असतात आणि अवतरणचिन्हं नसल्याने पोस्टग्रेस ती लहान करतो. ४२५०१ म्हणजे परवानगी नाही; इथे थांबून माणसाला सांगायचं, दुसरी वाट शोधायची नाही.

शेवटी कोऱ्या सेशनमध्ये फक्त ही वर्णनं देऊन विचारा: ‘कोणते इंडेक्स काढता येतील?’ रीसेटची तारीख न बघता यादी आली, तर इंडेक्सच्या टूलचं वर्णन पुन्हा लिहा.