रोड खाली आहे म्हणून रात्री निघताय? मग या चुका टाळा

"रात्रीच निघू ना, रोड खाली राहते." लग्नाहून परतायचं असो की पेशंटला नागपूरला न्यायचं असो, आपल्याकडे हे वाक्य हमखास ऐकू येतं. रोड खाली असतो, यात खोटं काही नाही. पण दिवसा दोनशे मीटरवरून दिसणारी म्हैस रात्री तुमच्या लाईटच्या टप्प्यात येईपर्यंत दिसतच नाही. आणि मोकळा रोड पाहून आपण दिवसापेक्षा जोरात चालवतो.

त्यातही लोकांना भीती वाटते ती मध्यरात्रीची. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे वार्षिक अहवाल पाहिले तर देशात सर्वांत जास्त अपघात संध्याकाळी ६ ते ९ या वेळात नोंदले जातात, साधारण पाचातला एक. डिसेंबरात विदर्भात साडेपाच-पावणेसहालाच दिवस बुडतो. त्याच वेळी वावरातून बैलबंड्या परततात, वेचणीच्या बाया ऑटोत दाटीवाटीने घरी निघतात, गुरं रोडवर असतात, आणि आपले डोळे अजून अंधाराला सरावलेले नसतात. डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेव्हा दिवेलागणीला वेग कमी ठेवा आणि पूर्ण अंधार पडायची वाट न पाहता लाईट लावा. उजेड आपल्याला दिसण्यासाठी तर असतोच, पण आपण दुसऱ्याला दिसावं म्हणूनही असतो.

चूक: लाईटच्या पुढे गाडी पळवणे

हिशेब साधा आहे. डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या लाईटवर, ५० मीटरच्या आसपास रस्ता नीट दिसतो. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काही आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर गेले. त्यानंतर कोरड्या रोडवर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी ३५ मीटर. एकूण झाले ६८, आणि दिसत होते ५०. म्हणजे वाचणं नशिबावर. तेच ६० ला सगळं मिळून ४५ मीटरमध्ये आटोपतं. ओल्या रोडवर किंवा गाडी भरलेली असेल तर ६० सुद्धा जास्त होतात. रोड खाली असेल तर अप्पर जरूर वापरा, पण समोरून गाडी दिसताच डिपर द्या. समोरच्याने दिला नाही म्हणून आपणही अप्पर ठेवला, की दोघंही आंधळे.

समोरचा लाईट डोळ्यांवर आला की त्याकडे पाहू नका. नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा. गावच्या रोडवर पट्टी नसतेच, तिथे डांबराची कडा आणि मुरमाची साईडपट्टी पाहा. गाडी निघून गेल्यावरही काही सेकंद कमीच दिसतं, म्हणून लगेच ॲक्सिलरेटर दाबू नका. वय झालं की हे सेकंद वाढतात. बाबा वीस वर्षं रात्री गाडी चालवत आले, हा काही पुरावा नव्हे. साठीतल्या डोळ्यांत विशीतल्या डोळ्यांच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो.

लाईट कमी वाटतो? आधी हे पाहा

काच बाहेरून सगळेच पुसतात. आतून तिच्यावर धुळीचा आणि वाफेचा चिकट थर बसतो. दिवसा तो दिसत नाही, रात्री समोरून लाईट आला की सगळी काच पांढरी होते. कोरडं स्वच्छ फडकं घेऊन आतून पुसा. हेडलाईटची प्लास्टिक काच पिवळी पडली असेल तर नवा बल्ब टाकून फायदा नाही, आधी ती घासून घ्या. मागच्या बाजूला पोती किंवा माणसं भरली की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. भरलेली गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करून डिपर लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड हेडलाईटच्या उंचीपेक्षा थोडी खाली पडायला हवी. बाजारातले पिवळे 'नाईट गॉगल' मात्र घेऊ नका. रात्री उजेड आधीच कमी असतो, तो चष्म्याने आणखी कापून काय मिळणार?

चूक: विनालाईटची ट्रॉली रोडवर काढणे

विदर्भातल्या रात्रीच्या रोडवर मला सर्वांत जास्त भीती वाटते ती वाघाची नव्हे, विनालाईटच्या ट्रॉलीची. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेली, वर कापूस फुगलेला, मागचे दिवे त्याखाली झाकलेले. नाही तर पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) भरून अर्ध्या लेनमध्ये उभी. शेतकऱ्याने निघण्याआधी कुणाला तरी मागे उभं करून टेललाईट आणि इंडिकेटर पाहून घ्यावेत. एकच दिवा लागत नसेल तर बहुतेक बल्ब गेलेला असतो. सगळेच मंद किंवा लुकलुकते असतील तर प्लग किंवा अर्थिंगच्या जोडाला गंज लागलाय, तो घासा. आणि काहीही झालं तरी मागे लाल आणि बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी चिकटवाच. तिला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही. बंडीलाही लावा.

गाडीवाल्यांसाठी: पुढे एकच लाईट दिसला तर ती मोटारसायकल समजू नका. एक दिवा गेलेला ट्रॅक्टर असू शकतो.

चूक: जनावर पाहून स्टिअरिंग वळवणे

पेंच भागातला जबलपूर रोड, चंद्रपूर-मूल, नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूचा भंडारा-देवरी पट्टा, परतवाड्याहून वरचा मेळघाट, इथे कधी काय आडवं येईल सांगता येत नाही. चितळ, रोही (नीलगाय), गाय यांचे डोळे लाईटमध्ये चमकतात. तेवढी तरी सूचना मिळते. रानडुकराचे डोळे तसे चमकत नाहीत. काळं अंग, काळा रोड, आणि एक गेलं की मागून कळप. म्हणून जंगलपट्ट्यात ४० च्या पुढे जाऊच नका.

जनावर दिसलं तर गाडी सरळ ठेवून ब्रेक मारा. चुकवायला गेलात की झाड, नाला नाही तर समोरची गाडी. जनावर उजेडाने बावचळून उभं राहिलं तर थांबा, डिपर करा आणि त्याला जाऊ द्या. गाडीतून उतरायचं नाही.

पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असेल तर रात्री थांबाच. दिवसा निदान पाण्याची ओढ आणि कठडा दिसतो. अंधारात खालचा रपटा वाहून गेलाय का, हे कळायला मार्ग नाही.

चूक: झोपेला चहाने हरवणे

रात्री २ ते ५ या वेळात शरीर झोपच मागतं, मग तुम्ही कितीही पक्के ड्रायव्हर असा. समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी रोडवर तर जास्तच. १२० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी शंभर मीटर आपोआप जाते. चहा-कॉफीचा असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. तोंडावर पाणी आणि मोठ्याने गाणी यांचा उपयोग जेमतेम थोडा वेळ. मागचे काही किलोमीटर आठवत नसतील किंवा गाडी पट्टीवर जात असेल, तर पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर गाडी लावा, चहा घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं झोपा. उठेपर्यंत चहाही लागू पडलेला असतो. वरातीत नाचून दमलेल्या मामालाच "तुम्हीच चालवा, तुम्हाले रस्ता माहीत आहे" म्हणणं बंद करा.

गाडी बंद पडली तर

शक्य तितकी डांबराच्या खाली घ्या, चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण बराच मागे ठेवा. माणसांना गाडीत किंवा गाडीच्या मागे बसवू नका, रोडपासून दूर उभं करा. टायर बदलताना चाकाला आणि मागे खुणेला लावलेले दगड जाताना उचला. कितीतरी मोटारसायकली मागच्या रात्रीच्या अशाच दगडांवर आदळतात.

अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा आहे. रात्री "त्या वळणापाशी" म्हणून ॲम्ब्युलन्सला काही समजत नाही, तेव्हा जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा मोबाईलच्या टॉर्चने वाचून सांगा. पोलिसांच्या भानगडीची भीती नको: मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १३४अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेची किंवा मृत्यूची जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही.