पुढाऱ्याच्या पुस्तकाचं प्रकाशन? चलनबुक आधी पिशवीत टाका

तुम्ही प्रकाशक, त्यामुळे आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), छपाई, निमंत्रणपत्रिका हे सगळं तुम्हाला येतंच. मी सांगतेय ते सभागृहात पोचल्यानंतरचं.

अशा कार्यक्रमात पुस्तक हे निमित्त असतं, हे आधीच पचवून घ्या. २ मे २०२३ ला मुंबईत यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानात शरद पवारांच्या आत्मचरित्राच्या सुधारित आवृत्तीचं प्रकाशन होतं. त्याच मंचावरून त्यांनी पक्षाचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि कार्यकर्त्यांना रडू आवरेना. त्या गदारोळात पुस्तकाची बातमी कोण करणार? तेव्हा पेपरात काय येईल यावर विक्रीची गणितं बांधू नका.

आता खरी मेख. भाषणं रंगात आली की पांढऱ्या शर्टातला एकजण विक्रीच्या टेबलाशी येतो. ‘ताई, साहेबांच्या गाडीत दोन गठ्ठे ठेवा. बिल ऑफिसला पाठवा.’ आम्ही ठेवले. आता ऑफिस विचारतं, ‘कोणी घेतले?’ आणि आम्हाला त्याचं नावच माहीत नाही. फोन अजून चालूच आहेत. म्हणून चलन, म्हणजे माल दिल्याची सही घेतलेली पावती, फाडल्याशिवाय एकही प्रत टेबलावरून हलू देऊ नका. चलनावर नेणाऱ्याचं पूर्ण नाव, मोबाइल, प्रती, सवलत वजा जाता रक्कम आणि सही हवी. ‘साहेबांचे कार्यालय’ एवढंच लिहिलेलं चलन म्हणजे रद्दी. मोठी मागणी असेल तर स्वीय सहायकाकडून आदल्या दिवशीच लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी. मंचावरच्यांच्या आणि पत्रकारांच्या प्रतींवर ‘भेटप्रत’ शिक्का घरूनच मारून न्या, म्हणजे हिशेबात घोळ होत नाही.

या धंद्यातले बुजुर्ग सांगतात, ‘संबंध जपा, पैसे येतात.’ संबंधांवर कागदवाला रीम देत नाही.

सही मागायला घाबरू नका, खरंच. मुरलेला सहायक मुकाट्याने करतो, त्यालाही वर हिशेब द्यायचा असतो. जो भडकतो तो तसाही पैसे देणार नव्हता.

बाकी किरकोळ. मंचावरच्या प्रती चिकटपट्टीने गुंडाळू नका. कॅमेऱ्यांसमोर नखांनी कागद ओरबाडणारे पाहुणे फार वाईट दिसतात. सॅटिनची एक फीत, सुरगाठ, बस. मुखपृष्ठ सुलटं धरलंय ना, हे बघायला आपला एक माणूस विंगेत ठेवा.

निवडणूक जवळ असेल तर ‘पुस्तकात आमचं पत्रक घाला’ असंही कोणी म्हणेल. साफ नाही म्हणा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. ते नसलेलं पत्रक आपल्या पुस्तकातून निघालं तर निस्तरत बसाल.

आणि टेबल आत येण्याच्या वाटेवर मांडा. साहेब उठले की सभागृह त्यांच्यामागे धावतं, तेव्हा पुस्तकाकडे कोणी बघत नाही. गर्दीत नेटवर्क झोपतं, यूपीआय अडकतं, म्हणून सुट्या नोटाही हव्यात.