गाडीचं दुखणं चारचौघांना विचारताय? मग आधी हे वाचा

'गाडीतून आवाज येतोय, काय असेल?' एवढाच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पडला की अर्ध्या तासात दहा उत्तरं हजर. कोण म्हणतो बेअरिंग गेलं, कोण म्हणतो शॉकअप, एकजण हमखास म्हणतो ही कंपनीच भंगार, विकून टाका. आता यात उत्तर देणाऱ्यांची चूक नाहीये, प्रश्नातच काही नाहीये हो, डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'बरं वाटत नाही' सांगितल्यासारखं झालं ते.

म्हणून विचारायच्या आधी एवढं लिहून काढा: गाडी कुठली, कुठल्या वर्षाची, पेट्रोल डिझेल की सीएनजी, किती किलोमीटर झालेत, त्रास कधीपासून आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक हमखास विसरतात, की त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीचं काय काम झालं होतं. सर्व्हिसिंग झालं, बॅटरी बदलली, टायर फिरवले, पाण्यातून गेली, कुठे खड्ड्यात जोरात आपटली, नवीन म्युझिक सिस्टीम बसवली, यातलं काहीही. कित्येकदा उत्तर तिथेच सापडतं. सर्व्हिसिंगनंतर लगेच खडखड सुरू झाली तर आधी खालचं कव्हर किंवा एअर फिल्टरचा डबा नीट बसलाय का बघायचं, इंजिन उघडायच्या गप्पा नंतर.

मग त्रास नेमका कधी होतो ते. सकाळी गाडी थंड असताना की तापल्यावर, ठरावीक स्पीडलाच की उभी असतानाही, एसी लावल्यावर, वळताना, ब्रेक मारताना, स्पीडब्रेकरवर? मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, पण शेजारी कुणालातरी बसवून, गाडी चालवता चालवता नको.

आवाजाचं म्हणाल तर थोडं स्वतःलाच ओळखता येतं. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कटकटकट वाजलं तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा जॉईंट, गॅरेजवाले त्याला सरळ एक्सल गेला म्हणतात. छोट्या छोट्या खड्ड्यांवर खडखड आणि हायवेला काहीच नाही तर बहुतेक सस्पेन्शनचा लिंक रॉड नाहीतर रबरी बुश, आणि हे तसं स्वस्तातलं काम आहे, त्यामुळे कुणी डायरेक्ट चारही शॉकअप बदला म्हटलं तर थांबा. स्पीडबरोबर वाढत जाणारी घूं घूं, जी डावीकडे उजवीकडे वळताना कमी जास्त होते, ते व्हील बेअरिंग. पण टायर वेडेवाकडे झिजले तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी टायरवरून हात फिरवून बघा, नाहीतर पुढचे टायर मागे टाकून बघा, आवाज जागा बदलतो का. ८० ते १०० च्या मध्ये स्टेअरिंग थरथरतं तर चाकांचं बॅलन्सिंग, गाडी एका बाजूला ओढते तर टायरची हवा आणि चाकांची अलाईनमेंट. ब्रेक मारतानाच थरथरतं तर डिस्क. पावसात रात्रभर उभी राहिलेल्या गाडीचे ब्रेक सकाळी खरखरतात ते डिस्कवर चढलेल्या गंजाने, दोनचार वेळा ब्रेक मारले की जातं. नाही गेलं तर पॅड बघायला हवेत.

गाडी सुरू होत नाही, हा दुसरा नेहमीचा. इथेही 'चालू होत नाही' म्हणजे काय ते सांगा. सेल्फ मारल्यावर टकटकटक होऊन डॅशबोर्डचे दिवे मंद होतात तर बॅटरी (किंवा तिचे टर्मिनल, पांढरी हिरवी पावडर साचली असेल तर आधी ती साफ करा). दिवे एकदम झकास आणि एकच टक आवाज, मग शांतता, तर संशय स्टार्टरवर. सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन धरत नाही, तर बॅटरीचा विषयच नाही, पेट्रोल किंवा स्पार्क किंवा चावीच्या इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या लॉकचा) दिवा बघा. हार्डवेअरच्या दुकानात काहीशे रुपयांत मल्टीमीटर मिळतो, घेऊन ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला पाहिजे, १३ च्या खालीच अडकलं असेल तर नवी बॅटरी टाकूनही चार दिवसांनी परत तेच होणार कारण चार्जिंगच होत नाहीये, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर दाखवा. काही नवीन गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो त्यामुळे आकडा खालीवर होतो, तेवढं लक्षात असू द्या.

शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपस्टार्ट करताना क्रम असा: लाल वायर आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला, काळी त्यांच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटी ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ गॅस असतो म्हणून हे. सोसायटीतले काका 'काही होत नाही हो' म्हणतील, ऐकू नका.

ॲव्हरेज. यावर जेवढी भांडणं होतात तेवढी कशावर होत नसतील. आधी मोजा तरी नीट, स्क्रीनवरचा आकडा नको. ऑटो कट होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर परत ऑटो कटपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. एकदा करून उपयोग नाही, तीनचार टाक्यांचं बघा. आता सगळा दोष ई२० पेट्रोलवर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, टाकायची पद्धत पडलीये. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या मानाने ६-७ टक्के आणि आधीच्या ई१० च्या मानाने त्याच्या निम्म्याच्या आसपास फरक हिशोबाने धरता येतो. म्हणजे १६ चं १५ झालं तर समजू शकतो, १६ चं ११ झालं तर ते इथेनॉल नाही, हवा कमी आहे, ब्रेक चिकटलाय, नाहीतर ऑफिसच्या रस्त्यावर मेट्रोचं काम सुरू झालंय. एप्रिल २०२३ च्या आधीची, म्हणजे बहुधा ई२० साठी न बनवलेली, गाडी असेल तर रबरी नळ्या आणि सील यांच्यावर मात्र सर्व्हिसिंगला नजर टाकायला सांगा.

टायरमध्ये हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची नसते. टायर थंड असताना मोजा. नायट्रोजन भरा म्हणून गळी पडतात, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, फुकट देत असतील तर घ्या. जुनी गाडी घेताना टायरवरचे चार आकडे वाचा, २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा.

एसी थंड करत नाही म्हटलं की 'गॅस भरावा लागेल'. अहो एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी लीक आहे, ते शोधून द्या म्हणा. आणि त्याच्याही आधी ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा, बऱ्याच गाड्यांत स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही, आतून जे निघतं ते बघून जेवण जाणार नाही एवढं नक्की.

आता घाट आणि पाऊस, कारण इथे चुकीचा सल्ला महागात जातो. ताम्हिणी, वरंधा, आंबा, कसारा कुठलाही उतरताना न्यूट्रल टाकली की पेट्रोल वाचतं असं सांगणारे अजून भेटतात. इंजेक्शनवाल्या गाडीत गिअरमध्ये ॲक्सिलेटर सोडून उतरताना इंधन बंदच होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, म्हणजे वाचत तर नाहीच वर सगळा भार ब्रेकवर. दुसऱ्या तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. ब्रेकचा जळका वास आला किंवा पेडल स्पंजसारखं खाली जायला लागलं तर रुंद जागा बघून थांबा, गार होऊ द्या, पाणी ओतू नका, चाकाला दगड लावला तर निघताना तो बाजूला टाका ही हात जोडून विनंती. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि मग तापल्यावर आत वाफ होते, म्हणून किलोमीटर कमी झाले असले तरी साधारण दोन वर्षांनी बदलतात.

पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारायचा नाही. नाही म्हणजे नाही, एकदाही नाही. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, मग आतला रॉड वाकतो आणि बिल इंजिनचं येतं. नुसती पार्किंगमध्ये उभी असताना पाण्यात गेली तरी तेच, चावी फिरवू नका, जमलं तर बॅटरीची वायर काढा आणि टो करून न्या. २६ जुलै २००५ ज्यांनी मुंबईत बघितलाय त्यांना हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांनी आपल्या विम्यात इंजिन प्रोटेक्ट आहे का ते जूनच्या आधी वाचावं, साध्या पॉलिसीत इंजिनमध्ये पाणी जाऊन झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत.

उंदीर. कुठून तरी अचानक तीनचार दिवे लागले, इंजिन मिसिंग करतंय (मध्येच झटके खातंय), वायपरचं पाणी येत नाहीये, तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावायच्या आधी बॉनेट उघडून लेंड्या दिसतात का बघा. तंबाखूची पुडी, डांबरगोळ्या, स्प्रे, जाळी, प्रत्येकाचा आपला उपाय. माझं मत विचाराल तर वासाचे उपाय वास आहे तोवर, खरा फरक पडतो तो गाडी आठवडाभर एका जागी न ठेवल्याने आणि कचऱ्याच्या डब्याशेजारी न लावल्याने.

डिझेलवाल्यांनो, बीएस६ गाडी रोज चार किलोमीटर शाळेपर्यंत नेत असाल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक होणार, त्याला साफ व्हायला गरम धूर लागतो. त्याचा दिवा लागला की मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं, बहुतेकदा वीसेक मिनिटं मोकळ्या रस्त्यावर बऱ्या स्पीडने, गाडी चालवा. दिवा लागलेला असताना आठवडाभर सगळ्यांना विचारत बसलात तर शेवटी वर्कशॉपच.

बरं, विचारायचं कुणाला? माझ्या मते सगळ्यात भारी माणूस म्हणजे तुमचंच मॉडेल टॅक्सीला चालवणारा. स्टेशनबाहेर, एअरपोर्टच्या पार्किंगला, कोल्हापूर साताऱ्याकडे वडापवाले, मराठवाड्यात काळीपिवळीवाले. यांच्या गाड्या दोन तीन लाख किलोमीटर पळालेल्या असतात, कुठला पार्ट कधी जातो आणि ओरिजिनल कुठे घ्यायचा, लोकल कुठे चालतो हे त्यांना तोंडपाठ. फक्त एवढं धरून चाला की त्यांना गाडी रोज कमाईला लागते, त्यामुळे आवाज येतोय पण चालतेय ना हे उत्तर त्यांच्यासाठी बरोबर असतं, तुमच्या घरच्यांना घेऊन गावाला जायचं असेल तर नाही.

सल्ला पारखायची माझी एक साधी पद्धत आहे. जो आधी उलट प्रश्न विचारतो त्याचं ऐकतो, जो ऐकायच्या आधीच पार्ट सांगतो त्याचं सोडून देतो. 'माझंही सेम झालं होतं' म्हणणाऱ्याला विचारा, मग शेवटी निघालं काय, खर्च किती आला, परत झालं का? बऱ्याच जणांचं अजून निघालेलंच नसतं. आणि पाच जणांनी एकच सांगितलं म्हणजे ते खरं असं नाही, पाचही जणांनी एकाच व्हिडिओत बघितलेलं असू शकतं.

मिळालेल्या सल्ल्यांतला फुकट किंवा स्वस्त तपास आधी. उदाहरण सांगतो, चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी ०३०१ आलं, म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग. कोड पार्ट सांगत नाही, लक्षण सांगतो. तर इंजिन गार करून पहिल्याची इग्निशन कॉईल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर टाकायची, कोड पुसून गाडी चालवायची. आता पी ०३०२ आलं तर कॉईलच खराब, एक रुपया न घालवता कळलं. नाही हललं तर प्लग, मग इंजेक्टर. ज्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल नाही तिथे हे चालणार नाही.

सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटवरही लोकांना विचारा पण नुसतं 'अठरा हजार जास्त आहेत का' असं नको, पार्ट आणि लेबर वेगळं करून टाका. मॅन्युअलमधल्या तक्त्यात जे त्या किलोमीटरला लिहिलेलं नाही, इंजिन फ्लशिंग, डीकार्ब (इंजिनमधला कार्बन साफ करणं), कसलं कसलं कोटिंग, ते कशासाठी ते विचारा. पार्टच्या बॉक्सवर एमआरपी असते, बॉक्स दाखवा म्हणा आणि जुना पार्ट परत मागा.

काही गोष्टी मात्र कुणालाही विचारत बसायच्या नाहीत, गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद. तेलाच्या झारीचा लाल दिवा, टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत (गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, हात भाजतात लोकांचे), गाडीत पेट्रोलचा किंवा गॅसचा वास, स्टेअरिंग ढिलं लागणं, ब्रेक पेडल खाली जाणं. हायवेवर असाल तर चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण बराच मागे ठेवा आणि सगळ्यांना उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, नाहीतर ११२. फोन लावायच्या आधी जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा बघून घ्या आणि गाडी कुठल्या बाजूच्या लेनला उभी आहे ते सांगा, पुण्याकडे जाणाऱ्या की नाशिककडे, कारण 'ढाब्याच्या पुढे' एवढ्यावरून क्रेन येत नाही.